जर्मन धनगराची सुटी

मामा, परवा तुमच्या तेरवीची शेवटची पंगत उठली आणि ओट्यावर सुपारी कातरता कातरता लोकांनी भुऱ्याचा विषय काढला. तुमचा विषय आधीच संपला होता. दादाराव चांगला माणूस, कुणाच्या वावरात कधी जनावर घातलं नाही, एवढं बोलून झालं की लोकांना दुसरं काहीतरी लागतं. गजानन म्हणाला, "ताई, मी आता बाबाच्या बकऱ्या विकून टाकतो. मले परतवाड्याची जीप सोडून हे जमत नाई. मंग तुमी भुऱ्याले दर रविवारी इथं आनून काय करता?"

तुमच्या मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला पोट आहे. पण सुनीलही लगेच माझ्याकडं वळला. नवरा म्हणून त्याला ते बोलण्याचा हक्क आहे, कारण कुत्र्याचे केस तोच झाडतो. "बकऱ्या गेल्या तर हा पुन्हा पहिल्यासारखा होईल, वर्षा. परतवाड्याच्या त्या गोडाऊनवाल्याला विचारून ठेवू काय?"

भुऱ्या तेव्हा फाटकाशी बसून होता. कागदावर तो ब्रुनो आहे, अमरावतीच्या आमच्या कॉलनीत राहतो आणि माझा आहे. तुमच्या गावात मात्र तो दादारावचा भुऱ्या. हे भांडण मुळात तुमचं-माझं. तुम्ही ते अर्ध्यावर टाकून उठून गेलात, म्हणून उत्तरही तुम्हालाच देते.

सुरुवातीपासून सांगते, कारण सुरुवात मी तुम्हाला नीट कधी सांगितली नव्हती. अकोल्याहून त्याला आणला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता, एक कान उभा आणि एक पडका. मिनू एकटी पोर, तिला सोबत पाहिजे असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं असं होतं की आपल्या खानदानातली मी पहिली बी.एस्सी., पहिली मास्तरीण, पहिलं स्लॅबचं घर माझं. मग दारात कुत्रंही तसंच पाहिजे होतं. गावठी नको. आयुष्यभर गावठी पाहिली होती.

वर्षभरात तो सुनीलच्या कमरेला लागला. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून मी त्याला सगळं शिकवलं. बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की थांबायचा, पाहुण्यांना पंजा द्यायचा. शाळेतल्या शिक्षकांना मी हे कौतुकानं सांगायची.

मग मिनूचा सहावा वाढदिवस आला. अकरा पोरं घरात. मी किचनमधून केक घेऊन बाहेर आले तर हॉल मधोमध रिकामा. अकराच्या अकरा पोरं सोफा आणि कूलरच्या मधल्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी, आणि समोर ब्रुनो आडवा पडलेला. कुणी पाय बाहेर टाकला की उठायचा, नाकानं आत लोटायचा, पुन्हा पडायचा. आया आधी हसल्या. एकीनं तर मोबाईल काढला. मग शेजारच्या पोरानं पळायचा प्रयत्न केला आणि ब्रुनोनं त्याचा घोटा दातात धरला. रक्त नाही आलं, पण दाताचे वळ उठले. केक तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर त्याचं नाव "ते पिसाळलेलं कुत्रं" झालं होतं, आणि सुनीलच्या ओळखीचा परतवाड्याचा एक संत्र्यांचा गोडाऊनवाला त्याला साखळीला बांधून ठेवायला तयार होता.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही आलात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वांग्याची पिशवी. तो फाटकावर उड्या मारत होता आणि तुम्ही त्याच्याकडं बघितलंही नाही. सरळ अंगणात आलात, भिंतीला टेकून खाली बसलात आणि मला पाणी मागितलं. तो तुमच्याभोवती तीन वेळा फिरला, काठी हुंगली, चपला हुंगल्या आणि दोन हात अंतरावर बसला.

"काय जात हाये याची?"

"जर्मन शेफर्ड, मामा."

"म्हंजे?"

"शेफर्ड म्हणजे धनगर."

तुम्ही पाण्याचा गडू खाली ठेवलात. तोंडातलं पाणी कसंबसं गिळलंत आणि मग जे हसलात ते वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येईपर्यंत. "मंग सरळ सांग ना, पाव्हना हाये म्हनून. आपल्यातलाच, जर्मनीतला धनगर. अन् मी म्हनतो एवढा ओळखीचा काहून दिसून राहिला."

त्या दिवशी तुम्ही काहीच केलं नाही. मला रागच आला होता. मी रजा टाकली होती, तुम्ही काही औषध, काही युक्ती सांगाल म्हणून वाट बघत होते, आणि तुम्ही अंगणात बसून नुसते त्याला बघत होतात. दूधवाला आला, तो उठला. कुकरची शिट्टी झाली, तो आत जाऊन आला. मिनू या खोलीतून त्या खोलीत गेली, तो मागे. जेवणं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "सकाळपासून हा एकदाबी लवंडला नाई. तू पायलं काय?"

"त्याला काम नाही ना मामा. काम करणारी जात आहे. अशा कुत्र्याला काम नसलं की ते असं वागतं." हे मी वाचलेलं होतं, म्हणून ठासून बोलले.

"काम कसं नाई? दिसभर कामच करून राहिला. पोरगी कुठं गेली, गेटवर कोन आलं, कुकर काहून बोंबलला. सगळं त्याच्याच डोक्यावर हाये. त्याले सुटी नाई. काम भागल्यावर तू त्याले काय म्हनतं?"

मी म्हटलं, काही नाही. बस म्हणते, थांब म्हणते, ये म्हणते, शेकहँड म्हणते.

"शेकहँड काहून? त्याले का मंत्र्याले भेटाचं हाये?" मग तुम्ही हसायचं थांबलात. "चार शब्द कामावर लावाचे शिकवले. घरी जा म्हनाचा एक नाई शिकवला. मानूसबी पिसाळन असा."

तो शब्द मला माहीत होता, मामा. तुमच्याच घरी राहून मी दहावीपर्यंत शाळा केली. आमच्या गावची शाळा चौथीत संपायची आणि तुमच्या गावाहून नांदगावला एसटी होती, म्हणून आईनं मला तुमच्याकडं आणून सोडलं. सुटीच्या दिवशी मी तुमच्या मागे बकऱ्यांत. दिवेलागणीला शेवटची बकरी आत गेली की तुम्ही सगळ्यांच्या मागून यायचात, फाटक ओढून तारेची कडी अडकवायचात, काठी जमिनीवर दोनदा आपटायचात आणि कुत्र्याला म्हणायचात, "भागलं बापा, भागलं." तुमची तेव्हाची कुत्री, म्हणजे आताच्या काळीची आजी, ते ऐकलं की जिथं उभी तिथं अंग टाकायची. मग तिच्या कानाशी ढोल वाजवला तरी तिला घेणं-देणं नसायचं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण ते बकऱ्यांतलं होतं. स्लॅबच्या घरातल्या, कागदपत्रं असलेल्या कुत्र्याला ते लागू होईल असं माझ्या मनातही आलं नाही.

आणि तो शब्द मला आवडत नव्हता. का, ते तुम्हाला कधी बोलले नाही. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही पेढा हातात धरून बराच वेळ उभे राहिलात. मग काठी दोनदा आपटलीत आणि म्हणालात, "भागलं वं माय, भागलं." मला वाटलं, पुरे झालं शिक्षण, आता लग्न कर, असं म्हणताय. मी तिथल्या तिथं फणकारले, "एवढ्यात नाही भागत, मामा. बी.एड. करायचं आहे." तुम्ही म्हणालात, "कर ना. मी कुठं नाई म्हनलो," आणि पेढा तोंडात टाकला. तेवढंच. पुढची कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की घरच्यांचा विरोध असताना मी शिकले. त्यात तुमचाही नंबर लावला. तुम्ही मला सुटी देत होतात, हे कळायला एक कुत्रं पाळावं लागलं.

त्या दुपारी अंगणात तुम्ही सरळ मागितलंत. "हे घरात ठेवाचं कुत्रं नाई. मले दे."

मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "काहून?" मी म्हटलं, मिनूला सवय आहे. तुम्ही म्हणालात, "मिनू येईन ना मामाच्या घरी." मग मी ते बोलले. "मी बकऱ्यांमागून सुटले, मामा. आता माझं कुत्रं परत तिथंच पाठवू काय?"

तुम्ही चहाचा कप घेऊन उठलात, नळाखाली स्वतः विसळलात आणि ओट्यावर पालथा ठेवलात. माझ्या घरी तुम्ही त्याआधी कधी कप विसळला नव्हता. चारच्या गाडीला निघताना फाटकात एवढंच म्हणालात, "रविवारी घेऊन ये. द्याले नोको. फिराले."

पहिल्या रविवारची आठवण काढून तुम्ही मरेपर्यंत हसत होतात. ब्रुनोनं चाळीस जनावरं बघितली, त्याचे दोन्ही कान उभे झाले, आणि पाच मिनिटांत ती चाळीसच्या चाळीस वामनरावांच्या तुरीत होती. वामनराव बांधावरून ओरडत आले, "दादाराव, हा पोलिसचा कुत्रा आनला काय बे? चोर समजून राहिला बकऱ्यांले."

"पाव्हना हाये, भाऊ. परदेशातून आला. त्याले आपले धुरे-बांध ठाव नाईत."

मग काळीनं त्याला शिकवलं. ती त्याच्या निम्मी, गावठी, एका डोळ्यानं अधू. तो जोरात धावला की ती मध्ये येऊन एकदा गुरगुरायची, बस. दुपारपर्यंत तो तिच्या मागे तिच्या चालीनं चालत होता. गावठी नको म्हणणारी मी बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी तुम्ही काठी आपटलीत. काळी पडली, तो उभाच. चार रविवार तो तसाच उभा राहिला. पाचव्या रविवारी त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की धूळ उडाली, आणि डोकं तुमच्या चपलेवर ठेवलं. तुम्ही अर्धा तास पाय हलवला नाही. मामी आतून जेवायला हाका मारत होती.

घरी मी तोच शब्द लावला. सात वाजता गेट लावते, हातानं दोनदा भिंतीवर थापटते, भागलं म्हणते. तो दिवाणाखाली जातो आणि मग कुकर शिट्ट्या मारो नाहीतर अख्खी कॉलनी गेटवर येवो. सुनील शिकला. मिनू तर अभ्यासाची वही मिटवून स्वतःच म्हणते, "आई, भागलं." ज्याचा घोटा धरला होता ते शेजारचं पोर आता त्याला आंघोळ घालायला येतं.

म्हणून मामा, भांडणातलं माझं म्हणणं मी सोडत नाही. कामाचं कुत्रं घरात ठेवता येतं. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की मी त्याला उसनं काम देते, रविवारपुरतं, आणि त्याला ते कळतं. कळत असेल. मलाही आठवड्यातले सहा दिवस फळ्यासमोर उभं राहून रविवारीच पाय मोकळे करायला मिळतात. कॉलनीत आता आणखी तिघांनी दांडगी कुत्री आणली आहेत, एक तर बर्फातलं, गाडी ओढणारं. त्यांचे मालक माझ्याकडं येतात, खायला काय द्यायचं, किती फिरवायचं विचारतात. मी त्यांना उलट विचारते, संध्याकाळी तुम्ही त्याला काय म्हणता? ते म्हणतात, काही नाही, जसं मी तुम्हाला म्हटलं होतं. मग मी सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते. माझे मामा बकऱ्या राखायचे, त्यांच्याकडून शिकले, असं. हे वाक्य माझ्या तोंडून निघायला फार उशीर झाला. नोकरीच्या मुलाखतीत मी शेतकरी कुटुंब म्हणाले होते.

आता परवाची संध्याकाळ सांगते, म्हणजे मी काय ठरवलं ते कळेल.

तुम्ही गेल्याच्या दिवशी घाईत आम्ही ब्रुनोला शेजारी ठेवून आलो होतो. त्यामुळं तो परवाच पहिल्यांदा आला, आणि तुम्ही नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तेरा दिवस तुमची जनावरं कोण चारत होतं ठाऊक आहे? वामनराव. तुरीवरून तुमच्याशी वर्षभर बोलले नव्हते ते. दिवेलागणीला ते कळप घेऊन कोपऱ्यापर्यंत आले, तिथून भुऱ्या आणि काळीनं तो आत घातला, आणि वामनराव तिकडूनच घरी वळले.

सगळी आत आली. काळी फाटकाच्या एका बाजूला उभी, भुऱ्या दुसऱ्या बाजूला, दोघांचं तोंड रस्त्याकडं. मी घरच्या सवयीनं ओट्यावरूनच म्हटलं, "भागलं, ब्रुनो." त्यानं एक कान माझ्याकडं वळवला आणि पुन्हा रस्त्याकडं केला. सुनीलनं म्हटलं. मिनूनं म्हटलं. गजाननानं जाऊन पाय आपटला. दोघंही हलेनात.

मामी सकाळपासून खांबाला टेकून बसली होती. बायका येऊन रडून गेल्या, तिनं कुणाला हूं की चूं केलं नव्हतं. ती म्हणाली, "ते मोजून राहिले. सगळी आली. मागचा मानूस अजून बाहेर हाये."

मग मला दिसलं. तुम्ही नेहमी सगळ्यांत शेवटी यायचात. तुम्ही आत आल्याशिवाय त्यांचं काम संपतच नव्हतं.

मी दारामागची तुमची काठी घेतली. तेरवीची नवी साडी, पायात उंच टाचेच्या चपला. त्या फाटकाशीच काढून ठेवल्या. पाव्हणे बघत होते, कुणीतरी म्हणालं, मास्तरीनबाई कुठं चालल्या. मी बाभळीच्या वळणापर्यंत गेले. तिथं जरा थांबले, कारण तुम्ही तिथं थांबून मागं एकदा बघायचात, काही राहिलं काय म्हणून. मीही बघितलं. मग तुमच्या चालीनं परत आले, डावा पाय जरा ओढत. काळीला नीट दिसत नाही, पण माझ्याआधी तिला काठी ऐकू आली असावी, तिची शेपटी हलली. मी आत आले, फाटक ओढलं, तारेची कडी अडकवली आणि काठी दोनदा आपटली.

"भागलं बापा, भागलं."

हा आवाज मी वर्गात काढत नाही. पोटातून येतो तो, या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर जाणारा. वीस वर्षांत काढला नव्हता. काळी जागच्या जागी पडली. भुऱ्या आधी बसला, मग कुशीवर झाला, आणि तोच मोठा श्वास सोडला. धूळ उडाली.

आणि मामी उठली. पदर खोचला, म्हणाली, "चहा मांडतो मी." आत जाता जाता गजाननाला म्हणाली, "बारा बकऱ्या राहू दे. बाकीच्या दे कोनाले द्याच्या त्या."

"आई, चारन कोन?"

"मी हाओ ना. अन् रविवारी हे येते." तिनं हनुवटीनं आमच्याकडं दाखवलं. भुऱ्याकडं की माझ्याकडं, ते मी विचारलं नाही.

तर ब्रुनो गोडाऊनवर जात नाही. तो माझ्या घरी राहील आणि रविवारी तुमच्या घरी येईल, आणि त्याच्यासोबत मी. त्याला फिरवायला आणते असं मी तुम्हाला आजवर सांगत आले. ते अर्धंच खरं होतं. बकऱ्यांमागून सुटल्याचं ते वाक्य मी परत घेते. तुम्ही कप विसळत होतात तेव्हाच घ्यायला पाहिजे होतं, पण तेव्हा मी फार शिकलेली होते.

घाटावर सगळ्यांनी तुम्हाला हात जोडले, तुमचं काम संपलं, सुखानं जा म्हणाले. तेरवीलाही तेच म्हणाले. काठी माझ्या हातात होती, शब्द तोंडात होता, तरी मी तुमच्यासाठी तो म्हटला नाही. कामाचं कुत्रं घरात ठेवावं की नाही हे अजून ठरायचं आहे. मी दर रविवारी बाभळीच्या वळणावर थांबून मागं बघणार आहे.

एवढ्यात नाही भागत, मामा.